पोवळ्यांचा उन्हाळा

१९९५ साली मी त्रेपन्न वर्षांचा होतो. डोक्यावर केस होते, हाताला कंप नव्हता, आणि आपल्या हातून काही चुकू शकतं ही बातमी अजून माझ्यापर्यंत पोचली नव्हती.

यंदा पुन्हा तसाच उन्हाळा आलाय. बेंगळूरला उन्हाळा नसतो असं सांगणारी माणसं आता उरली नाहीत. तेव्हा होती, मीही त्यांतलाच. चामराजपेटच्या आमच्या गल्लीत करंजाची दोन झाडं शिल्लक आहेत. इथे त्यांना होंगे म्हणतात. त्यांची फुलं चुरमुऱ्यांसारखी रस्ताभर सांडलीत, आणि झाडणारी बाई रोज सकाळी त्यांना शिव्या घालते. दुपारी दोनला करंट जातो. पंखा दमत दमत थांबतो. मग घरात नसलेला एक आवाज मला ऐकू येतो. चंबूने पाणी उचलायचं आणि वरून सोडायचं, त्याचा. उन्हाळा म्हटला की लोकांना आंबे आठवतात. मला हा आवाज आठवतो.

मी काचवाला. कन्नड शाळेत तिसरीपर्यंत गेलो, मराठी अक्षरं आईने घरी चुलीपुढच्या राखेत बोटाने गिरवून घेतली. एवढंच शिक्षण. पण हिऱ्याने काचेवर रेघ ओढली की ती सुतासारखी सरळ, आणि दोन बोटांनी टिचकी मारली की काच रेघेवरच तुटणार. फोटोच्या फ्रेमा, कपाटांची दारं, न्हाव्यांचे आरसे, सगळं केलं. माझी काच तिरकी निघाली असं म्हणणारा माणूस मी अजून बघितला नाही. म्हणाला असता तर मी त्याला दुकानात उभा केला नसता, ते वेगळं.

माझी एकुलती एक मुलगी कावेरी. तेव्हा एकवीस वर्षांची, प्राण्यांचं शास्त्र शिकून डिग्री घेतलेली. एक दिवस दुकानात येऊन म्हणाली, "अप्पा, मला चार फुटी टाकी करून द्या."

"मासे पाळतेस?"

"मासे नाही. पोवळी."

"पोवळं अंगठीत घालतात. मंगळ कडक असला की."

"ते त्याचं हाड, अप्पा. हाड व्हायच्या आधी तो जीव असतो."

"दगड जिवंत असतो हे मला शाळेत कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही शाळेत थांबलात तरी किती दिवस!" म्हणाली आणि हसली. मीही हसलो. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर भांडण झालं असतं.

टाकी मी जीव ओतून केली. गुण्या लावून चारही कोपरे तपासले, सिलिकॉन भरलं, पाणी भरून खाली वर्तमानपत्र अंथरून तीन दिवस ठेवली. कागदावर एक थेंब नाही. मग समुद्र आला. शेजारचा मुनियप्पा लॉरी घेऊन दर आठवड्याला मद्रासला जायचा, तो कॅन भरून समुद्राचं पाणी आणू लागला. पहिल्यांदा कॅन उतरवताना म्हणाला, "अण्णा, लोक समुद्र बघायला जातात. समुद्राला घरी बोलावणारे तुम्हीच बघितले. स्वल्प बाजूला व्हा, पायावर पडेल." ते पाणी न्हाणीघराबाहेरच्या निळ्या पिंपात साठवायचं.

पोवळी मासळीवाल्याच्या ओळखीने कुठून तरी रामेश्वरच्या बाजूची आली. माझ्या बायकोने, सरसूने, त्यांची नावं ठेवली. वळ्यावळ्यांचं गोल होतं ती चकली. मऊ गुबगुबीत होती ती फुलकोबी. हिरव्या टिकल्यांचा पुंजका, त्याला नुसतं बटणं. आणि लाल-पांढऱ्या पट्ट्यांची एक कोळंबी होती, लांब मिशांची, ती नवरी. ही नवरी महिन्यातून एकदा अंगावरचं कवच अख्खंच्या अख्खं काढून टाकायची. पहिल्यांदा मला वाटलं मेली. कावेरीने दाखवलं, खरी नवरी दगडामागे बसली होती. सरसू म्हणाली, "साडी बदलली तिने. तुम्ही काय बघत उभे राहिलात?"

संध्याकाळी दुकान बंद करून आलो की मी चहा घेऊन टाकीसमोर बसायचो. मला त्यातलं काही कळायचं नाही. पण माझ्या काचेच्या आत काहीतरी उघडतंय, मिटतंय, एवढं बघायला बरं वाटायचं.

मार्चच्या शेवटी करंट जायला लागला. रोज दुपारी तीन-तीन, चार-चार तास. टाकीतलं पाणी आंघोळीच्या पाण्यासारखं कोमट होऊ लागलं. आठ दिवसांत चकली पांढरी पडली, मग फुलकोबी, मग बटणं. चुन्यात बुडवून काढल्यासारखी.

मी म्हटलं, "मेली. काढून टाक, वास सुटेल."

"मेली नाहीत, अप्पा. उपाशी आहेत." तिने मला काचेला नाक लावायला सांगितलं. पांढऱ्यावर काचेसारखं पातळ काहीतरी हलत होतं. "यांच्या अंगात बारीक शेवाळ राहतं. तेच यांना जेवायला घालतं. पाणी तापलं की ते बाहेर पडतं."

"म्हणजे भाडेकरू घर सोडून गेले."

"हो. स्वयंपाक करणारे भाडेकरू."

"मग त्यांना परत आणायचं कसं?"

"आणायचं नाही. घर गार ठेवायचं, दिवा मंद करायचा, हात लावायचा नाही, वाट बघायची."

वाट बघणं हे काम मला आयुष्यात जमलं नाही. काच एका टिचकीत तुटते.

पण त्या उन्हाळ्यात मी ते केलं. खरंच केलं. टाकीवरच्या दिव्याच्या दोन नळ्यांतली एक बंद केली, दुसरीवर फ्रेमेमागे लावतो तो कागद बांधला. खिडक्यांना ओले पंचे. पाण्यात बर्फाच्या बाटल्या तरंगत ठेवायच्या, त्याही एकदम नाहीत, एकेक. दोन-तीन दिवसांनी कावेरी ड्रॉपरने प्रत्येकाच्या तोंडाशी कोळंबीच्या रसाचा थेंब सोडायची, आजाऱ्याला पेज भरवावी तशी. आणि करंट गेला की हवा देणारा पंप बंद, मग आम्ही दोघं टाकीच्या दोन बाजूंना स्टुलावर बसून प्लास्टिकच्या चंबूने पाणी उचलायचो आणि वरून सोडायचो. हात भरून आला की दुसऱ्याने घ्यायचं. प्लास्टिकचाच चंबू हवा असं तिचं म्हणणं. मी कारण विचारलं नाही. मला वाटलं, हल्ली सगळं प्लास्टिकचंच असतं.

त्या दुपारी मी मुलीशी जेवढं बोललो तेवढं आधी कधी बोललो नव्हतो, नंतरही नाही. माझ्या बापाने मला शाळेतून काढलं तो दिवस तिला सांगितला. मास्तरांनी घरी येऊन बापाला विनवलं होतं आणि मी दारामागे उभा राहून ऐकत होतो, हे सरसूलाही माहीत नव्हतं. कावेरी पाणी सोडत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही बाहेर येऊन का नाही बोललात?" मी म्हटलं, "बापासमोर?" तिने चंबू माझ्या हातात दिला.

तिच्याकडे एक वही होती. रोजचं पाणी किती तापलं, कुठल्या पोवळ्यावर किती पांढरं, सगळं ती लिहायची, चित्र काढायची. कॉलेजातल्या तिच्या मॅडमनी ती वही बघून सांगितलं होतं, कारवारला समुद्राचं शिक्षण मिळतं, दोन वर्षं, तिथेच राहून, अर्ज कर. मी नाही म्हटलं. मुलगी परगावी, एकटी, समुद्रात उतरून दगड बघत फिरणार. लोक काय म्हणतील ते पुढचं. मीच काय म्हणू? घरात आठ दिवस भांड्यांचा आवाज तेवढा होता. मग तीच एके दुपारी पाणी सोडता सोडता म्हणाली, "अप्पा, पैज लावू या. ही जगली तर मी कारवारला जाणार. नाही जगली, तर तुमच्या मनासारखं."

"सरी," म्हटलं मी. इथे 'बरं'ला सरी म्हणतात. पांढऱ्या पडलेल्या त्या दगडांकडे बघून कुणीही सरी म्हटलं असतं.

पाचव्या आठवड्यात चकलीच्या कडेला चहाच्या डागाएवढा तपकिरी रंग दिसला. कावेरी ओरडली ते दुकानापर्यंत ऐकू आलं असेल. मी आलो तर सरसू तिच्या हातावर गूळ ठेवत होती. मलाही दिला. मी काचेला नाक लावून बघितलं. भाडेकरू परत आले होते. पैज मी हरत होतो आणि मला आनंद झाला होता, हे मी तेव्हा कबूल केलं नाही. आता करतो.

पैज लागल्यावर तिने अर्ज टाकला होता. मेच्या मध्यात तिला कारवारहून मुलाखतीला बोलावलं. जाणं-येणं धरून चार दिवस. मॅडम सोबत होत्या म्हणून मी अडवलं नाही. निघताना तिने टाकीवर कागद चिकटवला, मला वाचता यावं म्हणून मोठ्या कन्नड अक्षरांत. करंट गेला की चंबू. बाटल्या एकेक. तिसऱ्या दिवशी निळ्या पिंपातलं एक बादली पाणी बदलायचं. बस. चपला घालताना पुन्हा म्हणाली, "अप्पा, जास्त काही करू नका हं."

ते मला लागलं. टाकी कुणी केली? सहा आठवडे चंबू कुणी धरला? आणि मी कागद वाचून काम करायचं?

आमच्या स्वयंपाकघरात माझ्या आईचा तांब्याचा हंडा आहे. अजून आहे. संध्याकाळी भरून ठेवायचा, सकाळी उठल्याबरोबर त्यातलं गार पाणी प्यायचं, ही आमच्या घरची रीत. पाहुण्याला पहिला पेला त्यातलाच. देवाचं तीर्थ तांब्यातलं. आजारी माणसालाही आई हेच पाणी द्यायची, आणि माणसं उठून बसायची, मी बघितलंय. आता तुम्हीच सांगा. निळं पिंप उन्हात तापलेलं, झाकण काढलं की प्लास्टिकचा वास. उन्हाने आजारी पडलेल्या जिवाला हे कोमट, वासाचं पाणी घालायचं?

पहिल्याच संध्याकाळी मी समुद्राचं पाणी गाळून हंड्यात भरलं. सकाळी हात घातला तर कसं गारेगार. टाकीत ओतलं. एक बादली सांगितली होती ती तिसऱ्या दिवशी. मी रोज एक बदलली. ती परत येईल तेव्हा चकली पूर्ण तपकिरी झालेली असेल आणि मी काही न बोलता चहा पीत बसलेला असेन, असं चित्र मी मनात रंगवलं होतं.

सरसू म्हणाली, "ती जास्त काही करू नका म्हणाली होती."

"एकवीस वर्षं ती याच हंड्यातलं पाणी प्यायली. काही झालं का तिला?"

यावर सरसूकडे उत्तर नव्हतं. कुणाकडेच नसतं माझ्यासमोर. हीच तर गोष्ट आहे.

दुसऱ्या सकाळी हंड्याच्या आत पाण्याच्या रेषेवर हिरवट कड दिसली. मी चिंचेने घासून काढली आणि पुन्हा भरला. तिसऱ्या दिवशी नवरी वाळूवर आडवी पडलेली. मी सरसूला हाक मारून म्हटलं, "नवरीने साडी बदलली बघ." खरी नवरी दगडामागे असेल म्हणून मी शोधलंसुद्धा नाही. चौथ्या दिवशी बटणं मिटलेली, चकलीवर शेंबडासारखं काहीतरी. मला वाटलं, गारव्याने निजलीत.

कावेरी सकाळी आली. खांद्यावर पिशवी, बसच्या धुळीने केस पांढरे, तोंडभर हसू. "अप्पा, मला घेतलं!" म्हणाली. आणि चपला न काढताच टाकीकडे गेली. तिथेच थांबली. मी पाठीमागून तिचे खांदे बघत होतो. ते हळूहळू खाली आले, एवढंच मला दिसलं.

दोन दिवस ती जेवली नाही. पाणी बदललं, ते शुद्ध व्हावं म्हणून कोळशाची पुरचुंडी सोडली, दिवा बंद केला. चकलीचं अंग सालासारखं सुटून आलं आणि खाली नुसतं हाड राहिलं, अंगठीत घालतात तसं, पण पांढरं. ती वही मांडीवर घेऊन मोठ्याने विचार करत होती. "पाणी तापलं नाही. करंटही कमी गेला. खायला जास्त घातलं का मी? दिवा लवकर वाढवला? तांब्याचा अंश गेला तर कोळंबी आधी मरते, मग ही... पण आपल्या टाकीत तांबं कुठून येणार?"

मी दारात उभा होतो. तिच्या पाठीमागे, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, हंडा होता. सकाळचं ऊन त्याच्यावर पडलं होतं. पोळपाटावर सरसूचं लाटणं थांबलं.

"अप्पा, तुम्ही कागदावर होतं तेवढंच केलंत ना?"

"हो," मी म्हटलं.

लाटणं पुन्हा सुरू झालं. सरसूने माझ्याकडे बघितलं नाही.

त्या संध्याकाळी कावेरीने वहीत शेवटची ओळ लिहिली. ती उठून गेल्यावर मी अक्षर अक्षर लावून वाचली. दिवा घाईने वाढवला, चूक माझी. मग ती बाहेर येऊन सांगून गेली, "मी कारवारला जात नाही. चार फुटांचा समुद्र मला सांभाळता आला नाही." मी खरं सांगू शकलो असतो. तोंडात शब्द आला होता. पण शब्द बाहेर पडला असता तर ती गेली असती, आणि न सांगण्याने ती राहत होती. हे दोन्ही मला एकाच वेळी कळलं. पाणी मी मुद्दाम बिघडवलं नाही, देवाशपथ. गप्प बसलो ते मात्र मुद्दाम.

"सरी," म्हटलं मी.

आता ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, मारतहळ्ळीला राहते. सरकारी कचेरीत आयुष्य गेलं, चांगलं गेलं असं ती म्हणते. नवरा भला माणूस, मुलं मोठी झाली. दोन वर्षांपूर्वी तिच्या इमारतीच्या खाली कुणीतरी दिव्यांची मोठी टाकी बसवली, आत रंगीत मासे आणि प्लास्टिकची पोवळी. आम्ही लिफ्टची वाट बघत होतो. तिने एकदा वाकून बघितलं, आणि मला म्हणाली, "कोपरा गळतोय यांचा. तुमच्या हातची नाही." मी हसलो नाही. माझी टाकी शेवटपर्यंत गळली नाही, हे खरं आहे. पण ते सांगायची आता मला लाज वाटते.

सरसू जाऊन नऊ वर्षं झाली. तिने त्या दिवसाबद्दल मला एक अक्षर विचारलं नाही. फक्त त्यानंतर हंडा घासणं सोडलं. "तुमचा हंडा, तुम्ही घासा," म्हणाली एकदा, तेवढंच. मी घासत आलो. सरसूच्या तेराव्याला कावेरी माझ्याशेजारी बसली होती, मला वाटलं आज बोलावं. मास्तर घरी आले तेव्हा दारामागे उभा होतो, तसाच उभा राहिलो. तेव्हा निदान समोर बाप होता.

दुपारी करंट गेला की तिचा फोन येतो. आजही आला. "अप्पा, ऊन फार आहे. फ्रिजचं पाणी पिऊ नका. हंड्यातलं प्या."

"सरी," म्हणतो मी.

त्या उन्हाळ्यात पैज हरून ती खोलीत गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठलो. चिंच भिजवली, मीठ घेतलं, हंडा आतून-बाहेरून घासला, हिरवा एक ठिपकासुद्धा राहू दिला नाही. नळाचं पाणी भरून तो जागेवर ठेवला. कावेरी उठून आली, डोळे सुजलेले. रीतीप्रमाणे मी पहिला पेला भरून तिच्या हातात दिला. तिने तो उभ्यानेच प्यायला, पालथ्या हाताने तोंड पुसलं, आणि पेला पुन्हा माझ्यापुढे धरला. मी तो भरून दिला.